सेकंड हँड अर्टिगा घेताय? दुसऱ्या पिढीची गाडी पारखण्यापासून नावावर होईपर्यंत

आई-वडील, आपण दोघं, दोन मुलं आणि सणावाराला गावाहून येणारं एखादं माणूस, एवढा हिशोब मांडला की सेकंड हँड बाजारात फिरून फिरून सगळे मारुतीच्या सात सीटांच्या अर्टिगापाशीच येतात. आम्हीही आलो. गाडी घेताना जी माहिती मला चार ठिकाणांहून गोळा करावी लागली, ती इथे एका जागी ठेवतेय. लेख फक्त दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे नोव्हेंबर २०१८ पासून आलेल्या अर्टिगाबद्दल आहे. आरटीओचा भाग महाराष्ट्रापुरता समजा.

माझं मत आधीच सांगते. या गाडीत इंजिन क्वचित फसवतं, फसवतात ते कागद आणि गाडीचा पूर्वेतिहास. त्यामुळे रंग, अलॉय, टचस्क्रीन हे सगळं नंतर.

१. आधी वर्ष ठरवा, मग गाडी शोधा

एजंटच्या तोंडी सगळ्याच 'न्यू शेप'. प्रत्यक्षात या एका पिढीच्या पोटात तीन-चार वेगवेगळ्या गाड्या आहेत आणि त्यांचे भावही वेगळे असायला हवेत.

पहिली पायरी म्हणजे ती दुसऱ्या पिढीची आहे का, हे बघणं. २०१८ मध्ये जवळजवळ वर्षभर जुनीच अर्टिगा विकली जात होती, नवी २१ नोव्हेंबर २०१८ ला आली. म्हणजे '२०१८ मॉडेल' एवढं ऐकून काहीच कळत नाही. ओळखायला सोपं आहे: नव्या गाडीचे मागचे दिवे इंग्रजी 'एल'सारखे वर काचेच्या कडेपर्यंत चढतात, स्टिअरिंग खालून सपाट आहे आणि डॅशबोर्डवर एसीच्या जाळीसारखी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. लांबी ४,३९५ मिमी झाली. व्हीलबेस मात्र जुन्याइतकाच, २,७४० मिमी. ही गाडी हार्टेक्ट नावाच्या सांगाड्यावर (प्लॅटफॉर्मवर) बनलेली आहे.

आता आतले टप्पे:

• नोव्हेंबर २०१८ ते २०१९ चा मध्य: बीएस-४ (धुराचा जुना सरकारी निकष). पेट्रोलमध्ये १,४६२ सीसीचं के१५बी इंजिन, स्मार्ट हायब्रिडसह (इंजिनाला थोडा हातभार लावणारी छोटी मोटर आणि बॅटरी). डिझेलमध्ये सुरुवातीला जुनंच १.३ लिटरचं इंजिन, मग २०१९ च्या उन्हाळ्यात मारुतीचं स्वतःचं १.५ लिटर डिझेल (९५ पीएस, ६ गिअर).
• २०१९ च्या मध्यापासून: पेट्रोल बीएस-६. डिझेल बीएस-४ च राहिलं आणि एप्रिल २०२० मध्ये बंद झालं ते कायमचंच.
• एप्रिल २०२२ पासून: फेसलिफ्ट. के१५सी ड्युअलजेट इंजिन, आणि ऑटोमॅटिकमध्ये ४ गिअरच्या जागी ६ गिअर.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर माझ्या मते २०२२ च्या आतली बघूच नका. जुना ४ गिअरचा बॉक्स दणकट आहे, बिघडत नाही, पण खंबाटकी चढताना इंजिन नुसतं ओरडत राहतं. मॅन्युअलमध्ये मात्र २०१९-२० ची गाडी आणि २०२२ ची गाडी चालवायला फारशा वेगळ्या नाहीत. तिथे जास्तीचे पैसे सुरक्षेसाठी द्यायचे का, हा प्रश्न उरतो. सुरुवातीच्या गाड्यांत पुढच्या दोनच एअरबॅग होत्या. २०२२ मध्ये वरच्या मॉडेलला चार आल्या, आणि सगळ्या मॉडेलांत सहा द्यायला सुरुवात झाली ती २०२५ मध्ये. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत या गाडीला २०१९ मध्ये प्रौढांसाठी ३ तारे मिळाले. २०२४ मध्ये, निकष कडक झाल्यावर, आफ्रिकेसाठीच्या भारतीय बनावटीच्या अर्टिगाला फक्त १ मिळाला. हे माहीत असून मी घेतली, पण माहीत असणं महत्त्वाचं.

याच सांगाड्यावरच्या आणखी दोन गाड्या यादीत ठेवा: ऑगस्ट २०१९ मध्ये आलेली सहा सीटांची एक्सएल६ आणि २०२३ मध्ये आलेली टोयोटा रुमियन. रुमियन म्हणजे बिल्ला बदललेली अर्टिगाच. घरात सहाच माणसं असतील तर एक्सएल६ ची मधली दोन स्वतंत्र आसनं म्हाताऱ्या माणसांना फार सोयीची पडतात.

२. पेट्रोल, सीएनजी की डिझेल

महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणं असेल तर पेट्रोल घ्या आणि पुढच्या मुद्द्यावर जा.

सीएनजीचं गणित जास्त रनिंगलाच बसतं. कागदावर किलोला २६ किमी लिहिलेलं असतं, आणि कंपनीचंच किट असल्यामुळे गाडी चालायला व्यवस्थित असते. पण टाकी डिकीत असते. तिसरी रांग वापरून आधीच २०९ लिटर जागा उरते, त्यात टाकी बसली की सात माणसांसोबत एक धड बॅगही जात नाही. लग्नाला निघालात तर कॅरिअर लावावाच लागतो. शिवाय टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. टाकीवरच्या पाटीवर शेवटच्या टेस्टची तारीख असते, ती मोबाईलचा टॉर्च मारून स्वतः वाचा आणि सर्टिफिकेट मागा. आरसीवर इंधन 'पेट्रोल/सीएनजी' असंच हवं. बाहेरून किट बसवलेलं आणि आरसीवर नोंद नाही, अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. विम्याचा दावा अडकतो.

१.५ डिझेल घाटात झकास आहे. पण ते जेमतेम वर्षभर विकलं गेलं, त्यामुळे चांगली गाडी मिळणं नशिबाचा भाग. दिल्ली पासिंगची डिझेल स्वस्तात दिसली तर हुरळून जाऊ नका: तिकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत म्हणून त्या इकडे येतात. परराज्यातली गाडी इथे कायमची वापरायची तर बारा महिन्यांच्या आत महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि रोड टॅक्सही भरावा लागतो. तो खर्च धरला की स्वस्ताई संपते.

पेट्रोलबद्दल एक छोटी गोष्ट. मारुतीच्या गाड्या २०२३ पासून ई-२० इंधनासाठी (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) तयार होऊन येतात. त्याआधीची घेतलीत तर आताच्या पेट्रोलवर मायलेज थोडं कमी धरून चला.

३. घरच्यांना घेऊन जा आणि तिसऱ्या रांगेत बसवा

हे सगळे टाळतात, कारण शोरूमवाल्यासमोर संकोच वाटतो. पण सात सीटांची गाडी आपण ज्या रांगेसाठी घेतो, तिथे कुणी न बसताच व्यवहार होतो. घरातल्या उंच माणसाला मागे बसवा, मधली सीट पुढे-मागे सरकवून बघा, आणि तशीच पंधरा मिनिटं गाडी फिरवा, तीही दुपारच्या उन्हात. जुन्या गाड्यांत मागच्यांसाठी एसी छतातून येतो, तो मधल्या रांगेसाठी आहे, तिसऱ्या रांगेपर्यंत उरलीसुरली हवा पोचते. मागच्यांना गार वाटेपर्यंत पुढचे कुडकुडतात का, ते कळेल.

आजीला चढता येतं का, तेही तेव्हाच बघा. मधल्या रांगेत गुडघ्यांना त्रास होत नाही, तिसऱ्या रांगेत मात्र मुलंच बरी. मधल्या रांगेतल्या मधल्या माणसाला जुन्या गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा आहे, तिथे लहान मुलाला बसवू नका.

४. गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागा

फोनवर पहिला प्रश्न किमतीचा नको, नंबरचा हवा. नंबर द्यायला कुरकुर केली की तिथेच नमस्कार. नंबर मिळाला की सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाका आणि हे वाचा:

• नोंदणीची तारीख. बनल्याचा महिना-वर्ष आरसीवर असतं. दोन्हींत पाच-सहा महिन्यांचं अंतर असेल तर भाव जुन्या वर्षाचाच.
• वाहनाचा वर्ग. 'मोटार कार' हवं. 'मोटार कॅब' असेल तर ती टी-परमिटची, म्हणजे टॅक्सी.
• कितवा मालक.
• बँकेचा बोजा आहे का.
• विमा कुठपर्यंत आहे. पूर्ण आहे की नुसता थर्ड पार्टी, हे मालकाला विचारा.

मग चलान. महाट्रॅफिक ॲपवर गाडीची थकबाकी बघता येते. ओव्हरस्पीडिंगच्या चलानांची रांग लागलेली असेल तर गाडी कशी चालवली गेली, हेही आपोआप कळतं.

यानंतर सर्व्हिसचा इतिहास. मारुतीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला गाडीचा नंबर टाकून आधीची कामं आणि त्या त्या वेळचं मीटर रीडिंग बघता येतं. मालकाला सोबत नेलंत तर ते सहसा दाखवतात. मीटर मागे फिरवलाय का, हे पकडायची सगळ्यात खात्रीची जागा हीच. ९२,००० वर सर्व्हिसला गेलेली गाडी वर्षभरानंतर ५८,००० ला विकायला उभी असते, असं चित्र दिसायला वेळ लागत नाही.

तिथेच रिकॉलचंही विचारा. स्मार्ट हायब्रिड पेट्रोल गाड्यांतल्या मोटर जनरेटर युनिटसाठी मारुतीने दोनदा गाड्या परत बोलावल्या होत्या: डिसेंबर २०१९ मध्ये ६३,४९३ गाड्या, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० दरम्यान बनलेल्या १,८१,७५४. दोन्हींत अर्टिगा होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये बनलेल्या काही गाड्या पुढच्या सीटबेल्टच्या एका भागासाठी बोलावल्या गेल्या. चॅसिस नंबर दिला की काम झालंय की राहिलंय ते कळतं. राहिलं असेल तर घाबरू नका, ते फुकट होतं. फक्त आधी करून घ्या.

५. टी-परमिट आणि पाण्यात गेलेली गाडी

या गाडीतले हे दोन मोठे सापळे. बाकीचं कुठल्याही गाडीला लागू पडणारं, म्हणून थोडक्यात.

अर्टिगा टूरवाल्यांची लाडकी आहे. टूर एम नावाचं खास टॅक्सीचं मॉडेलही होतं. परमिट सरेंडर करून, टॅक्सचा फरक भरून गाडी पांढऱ्या (खासगी) पाटीवर आणता येते आणि ते कायदेशीर आहे. पण दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेल्या गाडीचा भाव घरगुती गाडीचा नसतो. खुणा शोधा: मधल्या रांगेच्या सीटची कड ड्रायव्हरच्या सीटपेक्षा जास्त बसलेली, मागच्या दारांचे आतले हँडल गुळगुळीत, छतावर कॅरिअरच्या पायांचे ओरखडे, स्पीड गव्हर्नर (वेग अडवणारं यंत्र) काढल्याच्या जोडलेल्या वायरी. घरगुती गाडीत ड्रायव्हरची सीट आधी झिजते. टॅक्सीत मागची.

दुसरा सापळा पाण्याचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, आणि मुंबईत तर दर पावसाळ्यात कुठे ना कुठे. त्या वर्षांतल्या, त्या भागातल्या गाड्या जास्त बारकाईने बघा. स्मार्ट हायब्रिडची छोटी लिथियम बॅटरी पुढच्या डाव्या सीटखाली असते, म्हणजे पाणी आत शिरलं तर पहिला फटका तिलाच. सीट मागे सरकवून तिथे हात घाला. कार्पेटच्या खाली गाळाची बारीक, पिठासारखी पूड बोटाला लागते का, सीटच्या रुळांवर गंज आहे का. मग सगळे सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. बेल्टचा गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही, तिथे पाणी जिथवर चढलं ती मातकट रेघ तशीच राहते. गाडीला अत्तराचा भपकारा येत असेल तर काचा लावून, एसी बंद ठेवून दहा मिनिटं आत बसा. कुबट वास वर येतोच.

ठोकर बघायला काचांचे कोड वाचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनी आणि वर्षाची खूण असते. एकच काच वेगळी असेल तर विचारा का. बॉनेटचे आणि दारांचे बोल्ट खोलल्याच्या खुणा, दाराच्या रबराखालचे वेल्डिंगचे ठिपके. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते, वाकून ती आहे का हे बघा. बऱ्याचदा नसते. टायर १८५/६५ आर१५, चारही एकाच मापाचे हवेत.

६. चालवून बघताना

गाडी थंड असताना स्वतः चालू करा. मालकाने 'आधीच गरम करून ठेवली' असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. सिग्नलला थांबून गिअर न्यूट्रल केला आणि क्लच सोडला की हायब्रिड गाडीचं इंजिन आपोआप बंद व्हायला हवं, आणि क्लच दाबताच आवाज न करता चालू. सगळ्या अटी जुळूनही हे होत नसेल तर एका तरी बॅटरीचं काम निघालंय. लिथियम बॅटरी स्वस्त नाही, भावात धरा.

खराब रस्त्यावर काच खाली घेऊन हळू चालवा, पुढून खडखड आली तर सस्पेन्शनचे बुश किंवा लोअर आर्म गेलेत. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबा: इंजिन गरगरतंय पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. ओळखीचा मेकॅनिक असेल तर त्याला पैसे देऊन न्या. फुकटात आलेला मेकॅनिक 'ठीकच आहे' म्हणतो.

७. विसार देताना

विसार थोडाच द्या आणि कागदावर लिहून घ्या: गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, ठरलेली रक्कम, बोजा कोण उतरवणार, जुनी चलानं कोण भरणार, ट्रान्सफर झाली नाही तर विसार परत. नुसत्या तोंडी बोलण्यावर विसंबू नका.

बाकी रक्कम बँकेतूनच. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही, 'थोडी रोख द्या' म्हणणाऱ्याला हे सांगून मोकळे व्हा. बोजा असेल तर पैसे मालकाच्या खात्यात न टाकता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा आणि बँकेचं एनओसी हातात पडल्यावरच उरलेले द्या. गाडी ताब्यात घेताना ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, म्हणजे त्या दिवशी दुपारचं चलान कुणाचं, हा वाद राहत नाही.

८. गाडी नावावर करणं

हे लागेल:

• मूळ आरसी
• फॉर्म २९ (विकणाऱ्याची सूचना, दोन प्रती) आणि फॉर्म ३० (ट्रान्सफरचा अर्ज), दोघांच्या सह्यांनिशी
• बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं एनओसी. तुम्हीही कर्ज घेत असाल तर फॉर्म ३४
• गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी, फॉर्म २८
• चालू विमा आणि पीयूसी
• दोघांचे आधार, पॅन, तुमचा पत्त्याचा पुरावा, फोटो
• चॅसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा

अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरता येतो. इथली नेहमीची अडचण म्हणजे ओटीपी. गाडीच्या नोंदीत मोबाईल नंबर मालकाचा नसून तेव्हाच्या सेल्समनचा किंवा एजंटचा असतो, आणि ऐन वेळी कुणालाच ओटीपी मिळत नाही. विसार देण्याआधीच मालकाला नंबर तपासून, हवा तर बदलून घ्यायला सांगा.

विकणाऱ्याकडून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन 'बघू नंतर' म्हणू नका, आणि त्यानेही तसं करू नये. गाडी राज्यातच असेल तर त्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, तुम्ही ३० दिवसांत. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईत तोच मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मालक टाळाटाळ करत असेल तर हे त्याला सांगा, दुसऱ्या दिवशी हजर होतो.

९. विमा, फास्टॅग, पाटी

विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीसोबत येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाचे पैसे तुम्हाला भरावे लागतील. 'विमा चालू आहे साहेब' या वाक्यात ही रक्कम धरलेली नसते.

फास्टॅग जुन्या मालकाने बंद करायचा आणि तुम्ही स्वतःच्या नावाने नवा घ्यायचा. एप्रिल २०१९ च्या आधी नोंद झालेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा पाटी नंतर बसवलेली असते. ती खरी आहे का, की नुसतं 'इंड' छापलेलं स्टिकर आहे, हे दोन्ही पाट्यांवरचा लेझरने कोरलेला क्रमांक बघून ठरवा.

नवी आरसी स्पीड पोस्टाने अर्जातल्या पत्त्यावर येते. भाड्याच्या घरात राहत असाल तर दारावर तुमचं नाव लावा आणि वॉचमनला सांगून ठेवा. पाकीट परत गेलं की ते पुन्हा मिळवायला आरटीओत खेटे घालावे लागतात.